घरगुती धुराडे आणि बागेतील वनस्पती : इंग्लंडमधील सहअस्तित्वाचा ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १६६१ ते २००५)

बीजसंज्ञा : कोळशाचा धूर, उष्ण भिंत, वॉर्डची काचपेटी, दिव्याचा वायू, इथिलीन, स्वच्छ हवा कायदा, कंडेन्सिंग बॉयलर

प्रस्तावना

थंड प्रदेशातील घर हे मुळात अग्नीभोवती उभे राहिलेले असते. अग्नी आला की धूर आला आणि धूर आला की त्याला बाहेर जाण्याची वाट आली. ही वाट घराबाहेर जिथे उघडते, तिथेच बहुधा घराची बागही असते. त्यामुळे अग्नीचे जे काही घरातल्या माणसाला नको असते, ते प्रथम बागेतील वनस्पतीच्या वाट्याला येते. इंग्लंडच्या नगरजीवनात हा संबंध साडेतीन शतके सातत्याने आढळतो. कोळशाची शेगडी, वायूचा दिवा आणि भिंतीवर बसविलेला वायूचा बॉयलर ही त्यातील तीन मुख्य साधने होत. प्रत्येक साधनाबरोबर उत्सर्गाचे स्वरूप बदलले आणि त्या उत्सर्गाशेजारी रोपे कशी जगवावीत, हा प्रश्नही नव्याने मांडावा लागला.

धूर आणि प्रदूषण यांचा इतिहास सामान्यतः कारखान्यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. घरगुती धुराड्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेलेले दिसते. वस्तुतः लंडनच्या हवेतील काजळीचा मोठा भाग लाखो घरांतील शेगड्यांमधूनच येत असे. प्रस्तुत निबंधात या घरगुती बाजूचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. घरगुती धुराडे व त्याच्या सान्निध्यातील वनस्पती यांच्या संबंधांतील प्रमुख टप्पे निश्चित करणे.
२. वनस्पतींवर झालेल्या परिणामांतून वायुप्रदूषणाचे ज्ञान कसे विकसित झाले, हे तपासणे.
३. आधुनिक बॉयलरच्या संदर्भात सुरक्षिततेची कल्पना कशी बदलली, याचे विवेचन करणे.

विषय विवेचन

अ) कोळशाचा धूर आणि शहरातील बाग

इ. स. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन यांनी राजा दुसरा चार्ल्स याला उद्देशून ‘फ्युमिफ्युजियम’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. लंडनच्या हवेतील कोळशाच्या धुराविषयीचा हा आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथ होय. एव्हलिन हे स्वतः उद्यानशास्त्राचे जाणकार होते. धुराचा पुरावा म्हणून त्यांनी माणसांच्या खोकल्याबरोबर झाडांच्या अवस्थेचाही आधार घेतला. इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात न्यूकॅसल शहराला वेढा पडला आणि तेथून समुद्रमार्गे लंडनला येणारा कोळसा थांबला. त्या वर्षी शहराच्या ऐन मध्यभागातील बागांनाही विपुल फळे धरली, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले आहे. एखादे कारण दूर करून परिणाम पाहण्याची जी रीत पुढे प्रयोगशास्त्रात रूढ झाली, तिची पूर्वखूण या नोंदीत आढळते. युद्धाने नकळत एक प्रयोगच घडवून आणला होता. भट्ट्या शहराबाहेर हलवाव्यात आणि शहराभोवती सुगंधी वनस्पतींची लागवड करावी, असे उपाय एव्हलिन यांनी सुचविले. ते प्रत्यक्षात आले नाहीत.

धूर हटत नाही, तर धुरात टिकणारी झाडे निवडावीत, हा दुसरा मार्ग होता. हॉक्स्टन येथील रोपवाटिकेचे मालक थॉमस फेअरचाइल्ड यांनी १७२२ मध्ये ‘द सिटी गार्डनर’ हे पुस्तक लिहून हा मार्ग दाखविला. लंडनच्या चौकांत, अंगणांत आणि खिडक्यांत कोणती झाडे तग धरतात, याची माहिती त्यात दिलेली आहे. एव्हलिन यांनी राजाकडे दाद मागितली होती. फेअरचाइल्ड यांनी सामान्य नगरवासीयाला त्याच्या अंगणापुरता उपाय सांगितला. धोरणात्मक उपाय आणि घरगुती जुळवणूक हे दोन प्रवाह या विषयाच्या इतिहासात पुढेही समांतर चालताना दिसतात. लंडन प्लेन या वृक्षाची लोकप्रियता हे दुसऱ्या प्रवाहाचेच उदाहरण होय. या वृक्षाची साल ढलप्यांनी सुटते आणि तिच्याबरोबर साचलेली काजळीही गळून पडते. गुळगुळीत पाने पावसाने सहज धुऊन निघतात. म्हणून काजळीच्या शहरात तो रस्तोरस्ती टिकला.

ब) धूर बंदिस्त, ऊब मोकळी : उष्ण भिंती

धुराड्याचा संबंध केवळ हानीशीच होता, असे मात्र म्हणता येत नाही. धूर घातक असला तरी त्याची ऊब उपयुक्त होती. या दोहोंची फारकत करण्याची युक्ती इंग्लंडमधील माळ्यांना सतराव्या शतकाच्या अखेरीस साधू लागली. काचघरात उघडी शेगडी ठेवल्यास रोपे गुदमरतात, हे एव्हलिन यांना ठाऊक होते. ‘कालेंडारियम हॉर्टेन्स’ या आपल्या ग्रंथाच्या १६९१ च्या आवृत्तीत त्यांनी अग्नी काचघराबाहेर ठेवून, बाहेरची ताजी हवा नळ्यांवाटे त्या अग्नीतून तापवून आत घेण्याची रचना वर्णिली. ज्वलनाची हवा आणि श्वसनाची हवा एकमेकींत मिसळू द्यायची नाही, हे तत्त्व येथे स्पष्ट झालेले आहे. विसाव्या शतकातील बंदिस्त बॉयलरची रचनाही याच तत्त्वावर आधारलेली आहे, ही बाब लक्षणीय आहे.

अठराव्या शतकात मोठ्या वाड्यांच्या तटबंद बागांमध्ये ‘उष्ण भिंती’ बांधल्या जाऊ लागल्या. विटांच्या जाड भिंतीच्या पोटातून धूरवाट नागमोडी फिरवलेली असे. भिंतीच्या तळाशी भट्टी आणि माथ्यावर धुराचे तोंड असे. भिंतीच्या दर्शनी बाजूस जर्दाळू, पीच यांसारखी नाजूक फळझाडे पसरवून बांधली जात. वसंतातील हिमकणांपासून मोहोर वाचविणे हा त्यामागील हेतू होता. वूस्टरशायरमधील क्रूम येथील बागेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची अशी भिंत आजही पाहावयास मिळते. भट्टीजवळील विटा फार तापत. फांद्या करपू नयेत म्हणून भिंतीपासून काही अंतरावर लाकडी जाळी ठोकून झाडे तिच्यावर चढविली जात. ऊब हवी असली तरी उष्ण पृष्ठभाग आणि फांदी यांच्यात अंतर राखलेच पाहिजे, हा व्यावहारिक नियम अशा रीतीने बागकामातच प्रथम आकाराला आला.

क) वॉर्डची काचपेटी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधील धुराने सामान्य मध्यमवर्गीय अंगणातील बागकाम जवळपास अशक्य करून सोडले होते. पूर्व लंडनमधील वेलक्लोज स्क्वेअर येथे राहणारे डॉ. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांना नेचे वाढविण्याची हौस होती. अंगणात रचलेल्या दगडांवर लावलेले नेचे भोवतालच्या धुराड्यांमुळे एकामागून एक मेले. १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश त्यांनी ओलसर मातीसह झाकणबंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीत नेच्याचे रोप आणि गवताचे पाते आपोआप उगवले. दिवसा मातीतील ओल बाष्परूपाने वर जाई, काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. बाहेरची काजळी आत येत नसल्यामुळे रोपे जगली आणि बाटलीचे झाकण गंजेपर्यंत जवळजवळ चार वर्षे टिकली.

या निरीक्षणातून ‘वॉर्डची पेटी’ जन्माला आली. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीला पाठविण्यात आल्या आणि त्यांतील रोपे जिवंत पोहोचली. १८४२ मध्ये वॉर्ड यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून हिंदुस्थानात पाठविली, तर १८६० नंतर निलगिरी पर्वतातील सिंकोनाच्या लागवडीसाठीही त्यांचा उपयोग झाला. लंडनमधील घरगुती धुरापासून नेचे वाचविण्यासाठी शोधलेले साधन अशा रीतीने वसाहतींच्या अर्थकारणाचे साधन बनले. हिंदुस्थानच्या मळेशेतीच्या इतिहासाचा एक धागा लंडनच्या धुराड्यांपर्यंत जाऊन पोहोचतो, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

ड) अदृश्य वायूचा साक्षीदार

१८१२ मध्ये लंडन येथे ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ला सनद मिळाली आणि कोळशापासून तयार केलेला वायू प्रथम रस्त्यांवर व नंतर घरांत दिव्यासाठी येऊ लागला. यामुळे धोक्याचे स्वरूप पालटले. कोळशाचा धूर डोळ्यांना दिसत होता. वायूच्या ज्वलनातून उत्पन्न होणारा सल्फर डायॉक्साइड, तसेच न जळता गळणारा इथिलीन आणि कार्बन मोनॉक्साइड हे दिसत नव्हते. दिवाणखान्यातील फुलझाडे निस्तेज होत, कळ्या न उमलता गळत. ॲस्पिडिस्ट्रा ही चिवट वनस्पती व्हिक्टोरियाकालीन घरात जी घरोघरी पोहोचली, तिचे एक कारण वायूच्या दिव्यांखालीही ती तगून राहत असे, हे होय. रस्त्याखालील गळक्या नळांमुळे कडेचे वृक्ष अकाली पाने गाळतात, हेही त्या शतकात युरोपमध्ये लक्षात येऊ लागले होते.

या कोड्याचा उलगडा सेंट पीटर्झबर्ग येथे झाला. दिमित्री नेल्युबोव या तरुण संशोधकाला प्रयोगशाळेत अंधारात वाढविलेली वाटाण्याची रोपे सरळ वर न वाढता आडवी वाढताना दिसली. बाहेरच्या स्वच्छ हवेत मात्र ती सरळ वाढत. प्रयोगशाळेतील दिव्याच्या वायूमधील इथिलीन हे याचे कारण असल्याचे त्याने १९०१ मध्ये सिद्ध केले. १९०८ मध्ये अमेरिकेतील क्रॉकर आणि नाइट यांनी काचघरातील कार्नेशनच्या फुलांवरील इथिलीनचा अनिष्ट परिणाम दाखवून दिला. १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी पिकणारे फळ स्वतःच इथिलीन निर्माण करते, हे दाखविले. ज्या द्रव्याचा शोध गळक्या दिव्यामुळे लागला, ते वनस्पतीचे अंगभूत संप्रेरक असल्याचे पुढे मान्य झाले. माणसाला वास येण्यापूर्वी ज्या सूक्ष्म प्रमाणाला वाटाण्याचे रोप प्रतिसाद देत होते, त्या प्रमाणातून वनस्पतिशास्त्राची एक शाखाच विकसित झाली.

इ) कायदा आणि घरगुती चुलीची सूट

१८७२ मध्ये रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी ‘एअर अँड रेन’ या ग्रंथात आम्ल पर्जन्याची संकल्पना मांडली. विसाव्या शतकाच्या आरंभी लीड्स येथे शहराच्या वेगवेगळ्या भागांत भाजीपाला वाढवून पाहण्यात आला, तेव्हा धुराच्या केंद्राकडे जावे तसे उत्पादन घटत असल्याचे आढळले. पुरावा वाढत होता. परंतु कायद्याने घरगुती धुराड्याला हात लावला नाही. लंडनच्या १८९१ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील काळ्या धुराविषयीच्या तरतुदीतून खाजगी निवासाचे धुराडे वगळण्यात आले होते. बंगालमध्ये १९०५ मध्ये आणि मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये धूरउपद्रवविषयक जे कायदे झाले, त्यांचाही रोख कारखान्यांच्या भट्ट्यांवरच होता. स्वतःच्या शेगडीसमोर बसण्याचा हक्क हा इंग्रज गृहस्थाच्या स्वातंत्र्याचा भाग समजला जात होता आणि त्याची किंमत बागा मोजत होत्या. क्यू येथील राजोद्यानातील सूचिपर्णी वृक्ष लंडनच्या हवेत टिकेनात, म्हणून १९२५ मध्ये केंट परगण्यातील बेजबरी येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र संग्रह उभारण्यास आरंभ झाला. झाडांनी स्थलांतर केले. धुराडी जागच्या जागी राहिली.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनवर पसरलेल्या विषारी धुक्याने सुमारे चार हजार बळी घेतल्याचा तत्कालीन अंदाज होता. पुढील संशोधनात हा आकडा बराच अधिक मानला गेला. यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला आणि धूरनियंत्रित क्षेत्रांच्या तरतुदीमुळे घरगुती शेगडी प्रथमच कायद्याच्या प्रभावी कक्षेत आली. या बदलाचा एक अनपेक्षित परिणाम गुलाबाच्या वाफ्यांत दिसून आला. हवेतील सल्फर डायॉक्साइड हा गुलाबावरील काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला मारक ठरत होता. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून या वायूचे प्रमाण अधिक असलेल्या भागांत हा रोग आढळत नाही, असे निष्पन्न झाले. हवा जसजशी स्वच्छ झाली, तसतसा रोग शहरी बागांत परतला. धुराने एका बाजूने पाने जाळली आणि दुसऱ्या बाजूने बुरशी रोखली होती. प्रदूषणाचे गणित बेरीज-वजाबाकीइतके सरळ नसते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ई) भिंतीवरील बॉयलर आणि प्रश्नाची उलटापालट

उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू १९६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर आला. त्यानंतरच्या दशकात देशभरातील वायूची उपकरणे या नव्या इंधनासाठी बदलण्यात आली. जुन्या कोळसावायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे होते, तर नैसर्गिक वायूत तो नसतो. गंधकही अत्यल्प असते. या काळात घरभर पाणी फिरवून खोल्या तापविण्याची पद्धत झपाट्याने रूढ झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी सुमारे एक तृतीयांश घरांत असलेली ही सोय शतकाच्या अखेरीस दहापैकी नऊ घरांत पोहोचली. छपरावरचे उंच धुराडे निरुपयोगी ठरले आणि त्याची जागा बाहेरील भिंतीतून डोकावणाऱ्या आखूड नळीने घेतली. पूर्वी उत्सर्ग छपरावरून वर जात असे. आता तो थेट झुडपाच्या, वेलीच्या उंचीवर बाहेर पडू लागला.

१ एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नव्याने बसविला जाणारा वायूचा बॉयलर, काही अपवाद वगळता, ‘कंडेन्सिंग’ प्रकारचा असणे बंधनकारक झाले. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळताना सुमारे दीड लिटर पाण्याइतकी वाफ निर्माण होते. जुन्या बॉयलरमध्ये ही वाफ शंभर अंशांहून बरीच अधिक उष्ण अवस्थेत बाहेर जाई. नव्या बॉयलरमध्ये ती सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या खाली थंड करून तिच्यातील सुप्त उष्णता वापरात आणली जाते. परिणामी नळीतून येणारा झोत कमी उष्ण, पण ओलसर आणि ढगासारखा दिसणारा असतो. त्यात कार्बन डायॉक्साइड, वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. जमणारे पाणी सौम्य आम्लधर्मी असते. म्हणूनच ते जमिनीत मुरविण्याच्या खड्ड्यात चुनखडीचे तुकडे भरण्याची पद्धत आहे.

या झोतासमोरील रोपट्याची अडचण वेगळी आहे. बॉयलर चालू असताना हिवाळ्यातही त्याच्याभोवती दमट उबारा निर्माण होतो, कोवळी पालवी फुटते आणि बॉयलर बंद होताच ती गारठ्यात सापडते. सतत ओली राहणारी पाने बुरशीला बळी पडतात, तर नळीच्या अगदी तोंडाशी असलेली पाने करपतात. तरीही ही हानी बहुधा एका फांदीपुरती मर्यादित असते. खरा धोका उलट दिशेने संभवतो. आयव्ही, विस्टेरिया यांसारखा जोमदार वेल किंवा दाट सदाहरित झुडूप नळीच्या तोंडावर आले, तर बाहेर पडलेला वायू मोकळा पसरत नाही. याच नळीच्या बाह्य कड्यातून बॉयलर ज्वलनासाठी हवा घेत असतो. बाहेर टाकलेली हवाच पुन्हा आत ओढली गेली, तर प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. हा वायू जवळच्या उघड्या खिडकीतून घरात शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही.

यामुळेच ब्रिटिश बांधकाम-मार्गदर्शनात पंख्याच्या बंदिस्त बॉयलरची नळी उघडणाऱ्या खिडकीपासून सामान्यतः किमान ३०० मिलिमीटर आणि समोरील पृष्ठभागापासून ६०० मिलिमीटर अंतरावर असावी, असे सांगितले आहे. उत्पादकाची सूचना याहून अधिक अंतराची असल्यास तीच पाळावयाची असते. दाट कुंपण हाही वाऱ्याच्या दृष्टीने समोरील पृष्ठभागच होय. भिंत जागची हलत नाही. वेल मात्र एका उन्हाळ्यात हातभर पुढे सरकतो. म्हणून लागवड करताना रोपाचा आजचा आकार विचारात न घेता पूर्ण वाढीचा विस्तार गृहीत धरणे, नळीखाली बुटकी किंवा हलविता येणारी कुंडीतील रोपे ठेवणे, नळीभोवतीची वाढ थंडीच्या आरंभापूर्वी छाटणे आणि नळीच्या संरक्षक जाळीवर वेल कधीही न चढविणे, हे नियम उष्ण भिंतीवरील जाळीच्या जुन्या नियमाचेच आजचे रूप ठरतात.

याच वायूचा पद्धतशीर उपयोगही होऊ शकतो, हे नेदरलँड्समधील काचघरांनी दाखविले आहे. तेथे १९५९ मध्ये स्लोख्टेरन येथे नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. त्यातील गंधक अत्यल्प असल्याने काचघरांच्या बॉयलरमधील स्वच्छ उत्सर्ग रोपांना कार्बन डायॉक्साइड पुरविण्यासाठी आत सोडण्याची पद्धत तेथे रूढ झाली. ज्वलन अचूक असेल तोपर्यंतच हे शक्य असते. ज्वालक बिघडला, तर इथिलीन निर्माण होऊन पीक बाधित होते. नेल्युबोवच्या वाटाण्याने दिलेला इशारा तेथे आजही लागू पडतो.

निष्कर्ष

१. इंग्लंडमधील घरगुती धुराडे आणि बाग यांच्या संबंधांत दृश्य काजळी, अदृश्य वायू आणि दमट बाष्प असे तीन टप्पे स्पष्टपणे दिसून येतात.

२. हवेतील दोष माणसाच्या मानण्यात येण्यापूर्वी वनस्पतीवर उमटले. न्यूकॅसलच्या वेढ्यातील फळबागा, वॉर्ड यांचे नेचे आणि वाटाण्याची रोपे ही प्रदूषणाच्या ज्ञानाची साधने ठरली.

३. पुरावा उपलब्ध असूनही घरगुती धुराड्याला कायद्यात दीर्घकाळ सूट मिळाली. १६६१ मधील तक्रार आणि १९५६ मधील कायदा यांत जवळजवळ तीन शतकांचे अंतर आहे. ज्ञान आणि कृती यांतील हे अंतर झाडांच्या नव्हे, माणसांच्या मृत्यूने मिटले.

४. ज्वलनाची हवा वेगळी राखणे आणि उष्ण भागापासून फांदी दूर ठेवणे ही दोन्ही तत्त्वे माळ्यांच्या अनुभवातून आली असून आधुनिक रचनेतही ती कायम आहेत.

५. आधुनिक बॉयलरच्या संदर्भात सुरक्षिततेचा प्रश्न उलटला आहे. पूर्वी धुराड्यापासून रोप वाचवावे लागत होते. आता वाढत्या रोपापासून धुराड्याचे तोंड मोकळे ठेवावे लागते. करपलेले पान डोळ्यांना दिसते, कोंडलेला वायू दिसत नाही. म्हणून नळीसमोरील पान पिवळे पडणे, हा केवळ बागकामातील दोष न समजता घरातील माणसांसाठीची सूचना समजणे, हेच या इतिहासाचे व्यावहारिक सार म्हणता येईल.